दोष कोणाचा? गर्भपाताच्या कारणमीमांसेचा इतिहास

१/१०
२९ जानेवारी १५३६. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची पहिली पत्नी कॅथरिन हिचा दफनविधी पीटरबरो येथे पार पडत होता. त्याच दिवशी राणी अ‍ॅन बोलीन हिचा गर्भपात झाला. गर्भ सुमारे साडेतीन महिन्यांचा होता आणि तो मुलगा असावा, असे सांगितले गेले. वारसाची वाट पाहणाऱ्या दरबारात कारणाचा शोध सुरू झाला.

२/१०
राजदूत यूस्टस शापुई याने १० फेब्रुवारीच्या पत्रात तीन कारणे नोंदवली. अ‍ॅनच्या मते, राजा घोड्यावरून पडल्याची बातमी तिचे मामा ड्यूक ऑफ नॉरफोक यांनी दिली, तेव्हा ती घाबरली. काहींच्या मते मूल वाढवण्यास तिचे शरीरच असमर्थ होते. इतरांच्या मते, राजा आपल्यालाही टाकून देईल या भीतीने ती ग्रासली होती.

३/१०
तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे: कारण स्त्रीच्या मनात किंवा शरीरात शोधलेले आहे. १९ मे १५३६ रोजी, व्यभिचार व राजद्रोहाच्या आरोपांखाली, अ‍ॅनचा शिरच्छेद झाला. तिच्या अधःपतनात गर्भपाताचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

४/१०
ही विचारपद्धती केवळ युरोपची नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंतच्या हानीस गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांतील हानीस गर्भपात म्हटले आहे. प्रवास, पडणे, उपवास अशी कारणे तेथे येतात. कीड, वारा किंवा आघाताने फळ अकाली गळावे, तसा गर्भ गळतो, ही उपमाही तेथलीच.

५/१०
विसाव्या शतकात भाषा बदलली, रोख मात्र तोच राहिला. आता दोष मातेच्या संप्रेरकांत शोधला गेला. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. १९४०च्या दशकात बॉस्टनच्या जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याने गर्भ टिकवण्यासाठी त्याचा पुरस्कार केला.

६/१०
१९५३ साली शिकागो येथील मोठ्या चाचणीत हे औषध निरुपयोगी ठरले. तरीही ते दिले जातच राहिले. १९७१ साली आर्थर हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्यांच्या मातांनी ते घेतले होते अशा तरुण मुलींत योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळतो. चुकीच्या निदानाची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

७/१०
खरा धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, असा समज अनेक दशके रूढ होता. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथून जो हिन तिजो व अल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले. मोजणी अचूक झाली, तेव्हाच चूक ओळखणे शक्य झाले.

८/१०
१९६५ साली कॅनडातील डेव्हिड कार यांनी आपोआप पडलेल्या २०० गर्भांच्या तपासणीचा अहवाल दिला. सुमारे एक पंचमांश गर्भांत गुणसूत्रांची विकृती होती. १९७५ साली पॅरिसच्या जोएल व आंद्रे बुए यांच्या सुमारे १,५०० गर्भांच्या अभ्यासात हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक निघाले.

९/१०
हे घडते कसे? स्त्रीबीज व शुक्राणू प्रत्येकी २३ गुणसूत्रे आणतात. ती बनताना वाटणी चुकली, तर गर्भात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी पडते. बहुतेक वेळा असा गर्भ वाढूच शकत नाही. स्त्रीबीजे मुलगी आईच्या उदरात असतानाच तयार होऊन वर्षानुवर्षे थांबून राहतात. म्हणून वयानुसार ही चूक वाढते.

१०/१०
गर्भाशयाची रचना, थायरॉईडचे विकार, अनियंत्रित मधुमेह, रक्त गोठण्याचे काही दोष हीदेखील कारणे असतात. वारंवार गर्भपात झाल्यास तपासणी आवश्यक ठरते. परंतु पहिल्या तीन महिन्यांतील बहुतांश हानी ही कोणाच्याही वागण्याचे फळ नसते. अ‍ॅनच्या बाबतीत नेमके काय घडले, हे आता कळणे नाही. मात्र "जड काही उचललेस का? जिना चढलीस का?" हे प्रश्न आजही घराघरांत विचारले जातात, आणि त्यांची मांडणी १५३६च्या दरबारातीलच आहे.