चोवीस तासांची तपासणी

या घटनाक्रमातला शून्य तास म्हणजे 2 ऑक्टोबर 2025. त्या दिवशी दसरा होता, गांधी जयंतीही होती. नागपुरात दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलले होते. तिथून थोड्याच अंतरावर, ज्याला अख्खा विदर्भ नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो त्या रुग्णालयात आणि शहरातल्या काही खासगी रुग्णालयांत, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या लहान लेकरांसाठी डॉक्टर झुंजत होते. त्याच दिवशी चेन्नईच्या सरकारी प्रयोगशाळेनं एक आकडा लिहून दिला: 48.6 टक्के. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष एवढ्या प्रमाणात सापडलं होतं. मर्यादा आहे 0.1 टक्का.

हा आकडा शोधायला प्रयोगशाळेला लागला एक दिवस. त्या दिवसापर्यंत पोहोचायला आपल्या यंत्रणेला किती तास लागले, ते उलट्या क्रमानं मोजायला हवं.

साडेतीन हजार तास आधी. मे 2025.

तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात, सुंगुवारछत्रम इथे श्रीसन फार्मास्युटिकल्सच्या छोट्या कारखान्यात ही बॅच तयार झाली. गोड, पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव वापरतात. औषध त्यात नीट विरघळतं. हा द्रव दोन प्रतींचा मिळतो, औषधी आणि औद्योगिक. औद्योगिक प्रत स्वस्त पडते, पण तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल असू शकतं. दिसायला आणि चवीला दोन्ही सारखेच, गोडसर आणि बिनरंगी. जिभेला कळत नाही, डोळ्याला कळत नाही, यंत्रालाच कळतं. म्हणून कायदा सांगतो की कच्चा माल वापरण्याआधी तपासा आणि तयार माल बाहेर पाठवण्याआधी पुन्हा तपासा.

या दोन तपासण्या मनापासून झाल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. नंतर तपासणी अधिकारी त्या कारखान्यात शिरले तेव्हा नियमभंगांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली. परवाना मात्र 2011 पासून चालू होता.

आपल्याकडे औषधांची देखरेख दोन हातांत वाटलेली आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार नव्या औषधाला मंजुरी देणं आणि आयातीवर लक्ष ठेवणं दिल्लीतल्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे. कारखान्याला परवाना देणं, दुकानं तपासणं, नमुने उचलणं हे राज्याच्या औषध प्रशासनाकडे. म्हणजे कांचीपुरमची बाटली जबलपूरमार्गे छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियात पोहोचते आणि ती पिणारं लेकरू नागपुरात दाखल होतं, तेव्हा तीन राज्यं आणि एक केंद्र एवढ्यांना एकमेकांशी बोलावं लागतं.

साधारण साडेआठशे तास आधी. ऑगस्टचा शेवटचा आठवडा.

परासिया हा कोळसा खाणींचा पट्टा. पावसाळा सरत आला की घरोघरी सर्दी, ताप. दवाखान्यात न्यायचं, चिठ्ठीवरचं सिरप आणायचं, झाकणानं मोजून पाजायचं. सगळ्यांच्या घरात हेच होतं, तुमच्या-माझ्याही. या सिरपनं आजारी पडलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती.

इथून पुढे तास मोजायचे ते मुलाच्या शरीरातले. पहिल्या काही तासांत उलट्या, पोटदुखी, गुंगी. आईला वाटतं, तापाचंच असेल. त्याच वेळी यकृत त्या विषाचं विघटन करतं आणि त्यातून बनणारं आम्ल मूत्रपिंडातल्या बारीक नलिका मारत जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शू बंद होते. नागपूरला आणलेल्या मुलांचे आईबाप डॉक्टरांना हेच सांगत होते: ताप तर उतरला होता, पण कालपासून शू नाही. लघवीची पिशवी कोरडी, रक्तातलं क्रिएटिनिन रोज चढतं. मग चेहरा सुजतो, श्वास जड होतो, शेवटी मेंदू आणि मज्जातंतू.

या विषावर उतारा आहे. फोमेपिझोल आहे, डायलिसिस आहे. पण विष आहे हे कुणाला तरी पहिल्या काही तासांत सुचावं लागतं.

सातशे ते शंभर तास आधी. सप्टेंबर.

छिंदवाड्याहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सौसर, सावनेर करत गाड्या येत राहिल्या. एका बापानं पोराच्या इलाजासाठी पोटापाण्याची रिक्षा विकली. सप्टेंबरमध्ये मृत्यू सुरू झाले आणि कारणाचा शोधही सुरू झाला. मेंदूज्वर म्हणून पाहिलं, लेप्टोस्पायरोसिस म्हणून पाहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे नमुने गेले, पाणी तपासायला नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला सांगितलं. हा शोध चुकीचा नव्हता. साथ आली की पाणी आणि डास आधी पाहायचेच. पण एकाच तालुक्यातली, एकाच वयाची मुलं ताप उतरल्यावर मूत्रपिंड निकामी होऊन येतात, तेव्हा औषधाची बाटलीही त्याच दिवशी तपासायला जायला हवी होती.

नागपुरात केलेल्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीनं दिशा बदलली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती जंतूनं नव्हे तर विषारी द्रव्यानं झालेली इजा. जे काम कांचीपुरमच्या कारखान्यात यंत्रानं करायचं होतं, ते अखेर नागपुरात मुलांच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यावर झालं. मला हे लिहितानाही हात जड होतो.

महाराष्ट्रानं हे एकदा पाहिलं आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिलं गेलं आणि 14 रुग्ण दगावले. विष हेच होतं, डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी कीड उघडी केली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. मूत्रपिंडं अचानक बंद पडली तर बाटली तपासा, हा धडा तेव्हापासून आपल्या दप्तरात आहे.

शेवटचे ऐंशी तास. 29 सप्टेंबरपासून.

छिंदवाडा जिल्हा प्रशासनानं कोल्ड्रिफची विक्री थांबवायला सांगितलं. नमुने भोपाळला निघाले, पण टपालानं. मोटारीनं काही तासांचं अंतर कापायला त्यांना तीन दिवस लागल्याचं वर्तमानपत्रांत आलं. या तीन दिवसांत नागपुरातल्या वॉर्डांत मुलं होतीच.

शेवटचे चोवीस तास. 1 ऑक्टोबर.

मध्य प्रदेशचं पत्र तामिळनाडूच्या औषध प्रशासनाला मिळालं. तिथे सणाची सुट्टी होती. तरी पथक त्याच दिवशी कारखान्यात गेलं, एसआर-13 चा नमुना उचलला आणि चेन्नईच्या प्रयोगशाळेत दिला. दुसऱ्या दिवशी निकाल हातात होता. त्या सुट्टीच्या दिवशी कामावर आलेल्या माणसांना मी मनापासून नमस्कार करतो. यंत्रणा धावू शकते, हे त्यांनीच दाखवलं.

शून्य तासानंतर.

3 ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं निवेदन आलं: तपासलेल्या नमुन्यांत हे विष आढळलेलं नाही. ते वेगळे नमुने होते. चेन्नईचा आकडा मात्र तोवर लिहून झालेला होता. 4 तारखेला मध्य प्रदेशनं राज्यभर बंदी घातली. त्या राज्याच्या स्वतःच्या तपासणीत आकडा आला 46.28. 5 तारखेला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं ही बॅच न वापरण्याचा इशारा दिला. हे सिरप लिहून देणाऱ्या परासियातल्या डॉक्टरांना अटक झाली, 9 तारखेला कंपनीच्या मालकांना, आणि 13 तारखेला परवाना रद्द झाला. तोवर वीसहून अधिक मुलं गेली होती, त्यातली बरीचशी नागपुरात.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. 2022 मध्ये गांबियात भारतीय सिरपशी जोडलेले सुमारे 70 मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर 1 जून 2023 पासून आपण नियम केला की परदेशी जाणारं खोकल्याचं प्रत्येक सिरप आधी सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपला ही अट लावली नाही. परासियाच्या मुलाला गांबियाच्या मुलाइतकंही संरक्षण आपण दिलं नाही. हा नियम देशातल्या बाटलीलाही लागू झालाच पाहिजे, आणि राज्याराज्यांतले औषध निरीक्षक दुप्पट करावे लागले तरी करावेत.

तोवर आपल्या हातात जे आहे ते सांगतो. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नका, पाचच्या आत शक्यतो टाळा. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचा सल्लाही हाच आहे. दुकानातून पावती घ्या आणि बाटली संपली तरी आठवडाभर फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो. औषध दिल्यावर मुलाची शू कमी झाली तर सकाळची वाट न पाहता बाटलीसकट मोठ्या रुग्णालयात जा. आणि औषधाचा त्रास झाला की कळवा. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. देशाच्या औषध सतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे 1800-180-3024. तो आजच फोनमध्ये जतन करून ठेवा.