रीत, न्यास आणि ताळा : ‘लीलावती’तील कुट्टक आणि नवशिक्याचा सराव

१

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१९ साली नवी दिल्लीहून प्रसिद्ध केलेल्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात समस्या सोडविण्याच्या पद्धतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अल्गोरिदम म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी तेथे ४५ आणि ५४ या संख्यांचा मसावि काढून दाखविला आहे. दोन्ही संख्यांचे सर्व विभाजक लिहावेत, त्यांतील सामाईक निवडावेत आणि सर्वांत मोठा घ्यावा. उत्तर ९ येते. शालेय विद्यार्थ्याला परिचित असलेल्या वाटेने ‘पायरी’ ही कल्पना रुजवावी, हा येथील हेतू रास्तच आहे. परंतु हेच उत्तर दोन भागाकारांत मिळते. ५४ ला ४५ ने भागले असता बाकी ९ उरते, आणि ४५ ला ९ ने भागले असता काहीच उरत नाही. परस्परांना भागत जाण्याची ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे, तशीच ती आर्यभटापासून चालत आलेल्या भारतीय कुट्टकाच्या मुळाशीही आहे. इ. स. ११५० मधील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ती नवशिक्यासाठी उदाहरणासह मांडलेली आहे.

‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्यासाठी प्रस्तुत निबंध लिहिलेला नाही. रीत कोणाची, यापेक्षा ती शिकणाऱ्याच्या हातात कशी बसविली जाते, हा येथील प्रश्न आहे. ‘लीलावती’चा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला : गणिताच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून आणि रसाळ उदाहरणांचा काव्यग्रंथ म्हणून. या दोहोंच्या मध्ये असलेले तिचे तिसरे रूप, म्हणजे सरावाचा ग्रंथ हे रूप, तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

२

‘लीलावती’च्या बांधणीत तीन घटक पुनःपुन्हा येतात. प्रथम करणसूत्र, म्हणजे पद्यात बांधलेली रीत. नंतर उदाहरण, तेही बहुधा पद्यात आणि बहुधा कोणाला तरी उद्देशून. कधी ते एखाद्या मुलीला, कधी मित्राला, कधी ‘गणका’ला विचारलेले असते. तिसरा घटक न्यास. उदाहरणातील संख्या वृत्तातून सोडवून पाटीवर ज्या क्रमाने मांडावयाच्या, तो क्रम गद्यात दिला जातो आणि त्यापाठोपाठ उत्तर येते.

वाङ्मयीन दृष्टीने न्यास अगदी रुक्ष आहे. रसिक वाचक तो ओलांडून पुढे जातो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्व भार त्याच्यावरच आहे. सूत्र पाठांतरासाठी आवळलेले असते, उदाहरण कथेत गुंफलेले असते. कथेतून संख्या वेगळ्या काढणे आणि सूत्र ज्या जागी त्यांची अपेक्षा करते त्या जागी त्या ठेवणे, हे काम न्यास शिकवितो. आज प्रोग्रॅम लिहू लागलेला विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतो. त्याला रीत ठाऊक असते, प्रश्नही समजलेला असतो. प्रश्नातले काय रीतीत कोठे ठेवावयाचे, ते उमगत नाही.

३

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी कुट्टकाचे एक उदाहरण घेऊ. भास्कराचार्य विचारतात, की २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल?

प्रथम २२१ आणि १९५ यांना परस्परांनी भागावयाचे. भागाकार १, बाकी २६. मग १९५ ला २६ ने भागून भागाकार ७, बाकी १३. २६ ला १३ ने भागले की बाकी शून्य. म्हणून १३ हा अपवर्तनांक. त्याने तिन्ही संख्या भागल्या की १७, १५ आणि ५ उरतात. येथे एक अट आहे. मिळवावयाच्या संख्येला अपवर्तनांकाने भाग जात नसेल, तर उदाहरणच ‘दुष्ट’ समजावे. दिलेली सामग्री रीतीला पात्र आहे की नाही, याची तपासणी रीतीच्या आतच अशी बसविली आहे.

आता १७ आणि १५ यांचा परस्पर भागाकार बाकी १ येईपर्यंत करावयाचा. भागाकार १ आणि ७ येतात. ते एकाखाली एक लिहून त्यांखाली ५ आणि शेवटी शून्य मांडावे. ही ‘वल्ली’ झाली. मग खालून दुसऱ्या संख्येने तिच्या वरच्या संख्येला गुणावे, शेवटची मिळवावी आणि शेवटची टाकून द्यावी. ७ गुणिले ५ अधिक शून्य, म्हणजे ३५. १ गुणिले ३५ अधिक ५, म्हणजे ४०. दोनच संख्या उरल्या की थांबावे. ४० ला १७ ने भागून बाकी ६, आणि ३५ ला १५ ने भागून बाकी ५. गुणक ५, लब्धी ६. पडताळा असा : १७ गुणिले ५ अधिक ५ म्हणजे ९०, आणि १५ गुणिले ६ म्हणजेही ९०. गुणकात १५ आणि लब्धीत १७ मिळवीत गेले की २० व २३ अशी पुढची उत्तरेही मिळतात. येथे भागाकारांची संख्या सम होती. ती विषम असती, तर आलेली उत्तरे अनुक्रमे १५ आणि १७ यांतून वजा करावी लागली असती, हेही सूत्रकार बजावतात.

पात्रतेची तपासणी, ठरावीक अट पुरी होईपर्यंत केलेली पुनरावृत्ती, जुने मूल्य टाकून त्या जागी नवे ठेवणे, सम-विषमानुसार फुटणारी वाट आणि थांबण्याची खूण : आजच्या पहिल्या सत्राचा बहुतेक अभ्यासक्रम या एका उदाहरणात आहे. फरकही तितकाच मोलाचा आहे. सूत्र माणसासाठी आहे. त्यातील मोकळ्या जागा गुरू भरतो, टीकाकार भरतो. यंत्राला गुरू नसतो. सूत्रात जे न बोलता सोडता येते, ते प्रोग्रॅममध्ये लिहावेच लागते.

४

या मोकळ्या जागा भरणारी व्यवस्था महाराष्ट्रात होती, याचा शिलालेखी पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या लेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या या लेखात वंशाची थोरवी संस्कृतात आहे. मठाला मिळावयाचे बाजारातील कराचे आणि घाण्यामागे पळीभर तेलाचे उत्पन्न मात्र जुन्या मराठीत नोंदविले आहे. शास्त्राची भाषा एक आणि शास्त्र चालविणाऱ्या व्यवहाराची भाषा दुसरी, ही विभागणी या एकाच दगडावर दिसते.

पुढे ग्रंथ प्रवासाला निघाला. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये त्याचा फारसी अनुवाद केला. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त हुकलेल्या मुलीची प्रसिद्ध कथा फैजीच्या प्रस्तावनेतून आपल्यापर्यंत आली. मूळ ग्रंथात ती नाही. जॉन टेलरचा इंग्रजी अनुवाद मुंबईत १८१६ साली आणि कोलब्रुकचा लंडनमध्ये १८१७ साली निघाला. या प्रवासात कथा लोकप्रिय झाली, सूत्रे विद्वन्मान्य झाली. न्यास पानावर राहिला. पण ज्या पाटीसाठी तो होता, ती पाटी वाचकाच्या पुढ्यात राहिली नाही.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांत दिल्लीचे मास्टर रामचंद्र यांची गणना करावी लागेल. दिल्ली कॉलेजातील या शिक्षकाने १८५० साली महत्तम आणि लघुत्तम मूल्यांच्या उदाहरणांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि कलनाचे प्रश्न भारतीय विद्यार्थ्याच्या परिचयाच्या बीजगणिताने सोडवून दाखविले. ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये तो लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करविला. शिकणाऱ्याला जे आधीच अवगत आहे तेथून वाट काढावी, हा त्यांचा आग्रह आजही शिळा झालेला नाही.

५

मराठी विद्यार्थ्याला आधीच काय अवगत असते? ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातील अल्-ख्वारिज्मीच्या नावाच्या लॅटिन रूपातून आला. भारतीय अंकांनी गणित करण्याची पद्धत त्याने अरबीत लिहिली होती. मराठी अंकगणितात त्यासाठी ‘रीत’ हा साधा शब्द रुळलेला आहे. त्याच्या सोबतीला आणखी काही शब्द आहेत. बेरजेत मनात धरून ठेवलेला अंक म्हणजे ‘हातचा’. काही क्षणांपुरते मूल्य जपणारी आणि पुढच्या पायरीला ते सोपविणारी जागा, ही चल राशीची कल्पना मराठी मूल दुसरी-तिसरीतच वापरते, आणि हातचा विसरल्याची शिक्षाही तेव्हाच भोगते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे म्हणजे पुनःपुन्हा करावी लागणारी आकडेमोड एकदाच करून तोंडपाठ ठेवण्याची सोय होती. आणि ‘ताळा’ म्हणजे उत्तर हाती आल्यावर वेगळ्या वाटेने केलेली तपासणी.

ताळ्याची मर्यादाही बोधप्रद आहे. अंकांची बेरीज करून नवाचा ताळा पाहिला, तर ४५ च्या जागी चुकून ५४ लिहिलेले त्याला कळत नाही; दोहोंची बेरीज ९ च येते. ताळा चुकला तर उत्तर निश्चित चुकलेले असते. ताळा जमला म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. प्रोग्रॅमच्या चाचणीबद्दल डाइक्स्ट्रा यांनी पुढे जे बजावले, त्याचा हा घरगुती अवतार म्हणावा लागेल.

६

दिल्ली परिसरातील महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अल्गोरिदमच्या पहिल्या तासाला बसतो, तेव्हा आपण सर्वस्वी परक्या प्रांतात आलो आहोत, असे त्याला वाटते. परकी असते ती परिभाषा. कृती परकी नसते. परिभाषा-कोशात एखादा संस्कृतोद्भव प्रतिशब्द घालून हे अंतर मिटणार नाही. ‘हातचा’पासून चल राशीपर्यंत, ‘ताळा’पासून चाचणीपर्यंत आणि न्यासापासून कागदावर केलेल्या कोरड्या सरावापर्यंत पूल बांधावा लागेल. पाठ्यपुस्तकात ज्याला ‘ड्राय रन’ म्हटले आहे, ती संगणक सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पायरीचे मूल्य हाताने लिहून पाहण्याची सवय, हे धूळपाटीवरील कामाचेच पुढचे रूप आहे.

‘लीलावती’चे भाषांतर पुष्कळ झाले. तिच्या सरावाचे भाषांतर अद्याप व्हावयाचे आहे. ते गणितज्ञाला एकट्याने जमणारे नाही, कारण तेथे प्रश्न भाषेचा आहे; आणि साहित्याच्या अभ्यासकालाही ते एकट्याने जमणार नाही. त्याला न्यास ओलांडून पुढे जाण्याची आपली जुनी सवय मोडावी लागेल, आणि एकदा तरी पाटी घेऊन २२१, ६५ आणि १९५ या संख्या स्वतः मांडून पाहाव्या लागतील.