दिवाळे निघाले तरी

मायबाप हो, जुन्या शहरात मोर्णाकाठी राजराजेश्वरापुढे उभे राहून तुम्ही विचारता, "धंदा बुडाला, देव कुठे गेला?" तर जरा मनाने देहूला चला. साल १६३०-३१, मोठा दुष्काळ. तुकोबारायांचे दुकान बसले, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लेकरूही गेले. महाराजांनी देवाकडे भरपाई मागितली का? नाही. मोडकळीस आलेले विठोबाचे देऊळ उभे केले. महिपतीबुवा सांगतात, कर्जखतांची अर्धी वाटणी भाऊ कान्होबाला दिली, आपली अर्धी इंद्रायणीत सोडली. स्वतःचे घर बुडाले, अन् कुळांचे देणे माफ केले! बापहो, देवाची दया गेलेला पैसा आणतेच असे नाही. सगळे गेल्यावरही दुसऱ्याला सोडवायचे बळ देते. ते बळ आले, की समजा पांडुरंग घरातच आहे. रामकृष्णहरी!