व्हिनेगरच्या तपासणीची गोष्ट

मैत्रिणींनो, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लवकर ओळखायचा तर प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवा, पैसा हवा. गरिबाघरच्या बाईने काय करायचं?

१९९८ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांत स्वस्त वाट तपासायला घेतली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून तयार केलं. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरचा पातळ द्राव लावायचा. पांढरा डाग उमटला तर पुढच्या तपासण्या. दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. निम्म्यांची तपासणी झाली, निम्म्यांना तुलनेसाठी फक्त माहिती दिली. बारा वर्षांनी दिसलं, तपासलेल्या गटात या आजाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

न तपासलेल्या बहिणींमुळेही हे ज्ञान आपल्याला मिळालं. आता गावात तपासणी आली, की आपण लाजून घरी बसायचं नाही.