न टेकणारी कळ

टोप्रे ही जपानी कंपनी १९३५ सालची. मोटारींचे पत्र्याचे भाग आणि थंड मालाच्या ट्रकच्या बॉड्या हा तिचा धंदा. अशा कंपनीने कीबोर्डची कळ बनवावी हीच मुळात गंमत!

तर या कळेत वर रबराची टोपी आणि आत शंकूच्या आकाराची बारीक स्प्रिंग असते. कळ दाबली की स्प्रिंग सर्किट बोर्डावर दबते, कपॅसिटन्स बदलतो आणि तेवढ्यावरून अक्षर उमटतं. धातूला धातू टेकतच नाही, मग झिजणार काय? (रबर म्हातारं होतं, ते सोडा.)

कल्पना मात्र जुनीच. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरोबरचा मॉडेल एफ कीबोर्डही कपॅसिटन्सवरच चाले. १९८५ चा मॉडेल एम स्वस्त मेम्ब्रेनवर गेला.

१९९६ साली प्रा. एइची वादा यांच्या आराखड्यावरून पीएफयू कंपनीने ६० कळांचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड काढला. तोही आधी मेम्ब्रेनचाच. टोप्रेची कळ आली २००३ च्या प्रोफेशनलमध्ये. वादांचं म्हणणं असं, की वाळवंटात घोडा मेला तर काउबॉय घोडा सोडतो, खोगीर खांद्यावर घेतो. संगणक घोडा, कीबोर्ड खोगीर.

पण हे खोगीर ३०० डॉलरच्या आसपास पडतं, आणि रबराची टोपी तर पाचशे रुपयांच्या कीबोर्डातही असते! फरक एवढाच, की तिथे कळ जवळजवळ तळाला ठोकावी लागते, इथे त्याआधीच नोंद होते. दिवसभर टाइप करणाऱ्या बोटांना हा फरक लहान नाही. तेव्हा ४५ ग्रॅम दाबाचा एखादा वापरलेला रियलफोर्स शोधतोय. नवा मात्र इतक्यात नाही.