लाल गहू आणि रुपयांचे खाते

माळव्याच्या गव्हावर वाढलेल्या इंदूरकरांना कंट्रोलच्या दुकानातला लाल गहू आवडणे शक्यच नव्हते. मंडळातल्या ज्येष्ठांजवळ १९६५-६६ चा विषय काढावा, की त्या चिवट पोळ्यांची तक्रार आजही ताजी निघते. महाराष्ट्रातल्या नातलगांची तक्रार मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची. हे धान्य अमेरिकेने फुकट दिले असा समज मात्र दोन्हीकडे आढळतो. तो बव्हंशी खरा नाही.

अमेरिकेत १९५४ साली ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा झाला. तिथे शेतकऱ्यांचे धान्य कोठारांत पडून होते, ते खपवणे हा त्यातला एक रोकडा हेतू. भारताशी मोठा करार १९५६ चा. धान्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत द्यायची आणि ती रक्कम भारतातच अमेरिकेच्या खात्यावर ठेवायची. आपल्याजवळ डॉलरची चणचण होती, तेव्हा ही सोय लहान नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

१९६५ मध्ये पावसाने दगा दिला आणि नेमके त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून धान्य थोडेथोडे सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा आग्रह वाजवी होता. आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनाही तेच हवे होते. पण व्हिएतनामवरून भारताने केलेली टीका जॉन्सनना झोंबली होती, आणि तो राग भुकेल्या माणसांच्या धान्यावर निघावा, हे मला आजही पटत नाही. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले, ते याच दिवसांत. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणेही आले, आणि १९६७-६८ मध्ये देशात १.६५ कोटी टन गहू पिकला.

आणि ते रुपये? साचत गेले. १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी त्यातल्या १,६६४ कोटींचा धनादेश भारताला परत दिला. त्याआधी १९६२ पासून याच पैशातून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पुरवली, त्यांत मराठीही होती. इंदूरच्या एखाद्या नातवाला शिकागोच्या ग्रंथालयात त्या काळातले मराठी पुस्तक सापडले, तर त्याची किंमत कंट्रोलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आजोबांनीच चुकती केलेली असण्याचा संभव आहे.