शीळफाट्याचा बोगदा आणि क्षीण संकेत

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्यापाशी संपतो. त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखाली आहे. ताशी ३२० किलोमीटरने धावणार असलेल्या या गाडीचा ठावठिकाणा उपग्रहाला का विचारू नये, असे आज कुणालाही वाटेल. इथल्या रेल्वेने मात्र तो नेहमी जमिनीलाच विचारला आहे. १८५३ मध्ये गाडी ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली, १९१६ मध्ये पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा गेला. या काळात तारयंत्रावरून ‘लाइन क्लिअर’ची परवानगी आली, पुढे ट्रॅक सर्किट आले. रुळांतला मंद प्रवाह डब्यांच्या आसांमधून वळला की मागचा सिग्नल लाल होतो, आणि डोंगराच्या पोटातही त्यात फरक पडत नाही. ही रीत टिकली ती जुन्याच्या मोहाने नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. त्याचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाखाली दबलेला असतो. तो ओळखायचा तर त्याचे लहान लहान तुकडे बराच वेळ बेरजेत धरावे लागतात. डोंगरकडा किंवा उंच इमारतींमुळे तो आणखी क्षीण झाला, तर बेरीज आणखी लांबवावी लागते. पण ३२० च्या वेगात गाडी २० मिलिसेकंदांत पावणेदोन मीटर पुढे सरकते, आणि संकेताची तरंगलांबी जेमतेम १९ सेंटिमीटर. म्हणजे २० मिलिसेकंदांच्या एका बेरजेत नऊ लाटा मागे पडतात. वेगाचा अंदाज चुकला तर तुकडे एकमेकांना खोडून टाकतात. क्षीणता म्हणते थांबून ऐक, वेग म्हणतो चटकन ऐक. यावर आक्षेप असा की एकसारखा वेग मोजून वजा करता येतो, आणि चाकांच्या फेऱ्यांची किंवा जडत्वमापकाची जोड दिली तर लांब बेरीजही साधते. हे खरे आहे. खरी अडचण वेग बदलताना येते, आणि तिथे ही जोड उपयोगी पडते. पण मग गाडीला आधार झाला तो चाकांचाच! शिवाय बोगद्यात क्षीण संकेतही उरत नाही. जे नाही त्याची बेरीज कितीही केली तरी शून्यच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भारतीय रेल्वे इस्रोच्या मदतीने इंजिनांवर उपग्रहाधारित आरटीआयएस यंत्रे बसवतेच. बसवते, आणि त्यामुळे गाडी कुठवर आली हे प्रवाशाला व नियंत्रण कक्षाला लवकर कळते. टक्कर टाळणारी रेल्वेची ‘कवच’ यंत्रणा मात्र गाडीच्या जागेसाठी रुळांमधल्या आरएफआयडी टॅगवर भिस्त ठेवते. युरोपची ईटीसीएस आणि जपानची डीएस-एटीसी या गाडी-नियंत्रण यंत्रणाही चाकांच्या फेऱ्या मोजून जमिनीवरच्या खुणांशी पडताळतात. शीळफाट्याच्या बोगद्यातही सुरक्षेचा भार रुळांवरच असावा. वेळ जुळवणे आणि प्रवाशांना माहिती देणे ही कामे उपग्रहाने करावीत.